सातव्या फ्रेटचा नियम

आमच्या धंद्यात मला 'कान' म्हणतात आणि माझ्या नवऱ्याला 'हात'. दुकानाच्या पाटीवर भलतंच काहीतरी नाव आहे, ते कुणी वाचत नाही. जुनी गिटार विकायची असो, घ्यायची असो, नाहीतर वडिलांच्या मागे माळ्यावर सापडलेली असो, माणसं म्हणतात, "हात-कानाकडे दाखवून घे." आमचं दोघांचं मत जुळलं की विषय संपला. पुढे कुणी वाद घालत नाही.

पद्धत आमचीच. खरं तर मीच काढलेली, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. जुन्या गिटारीच्या बाबतीत डोळ्यासारखा लबाड अवयव नाही. पिवळं पडलेलं पॉलिश दिसलं, आत कारखान्याचं लेबल दिसलं, की माणसाला आवाजसुद्धा गोड ऐकू यायला लागतो. मुलाची गाडी बघून मुलगी द्यावी, तसला प्रकार. म्हणून मी ठरवलं की आपण बघायचंच नाही. गिटार येते तेव्हा मी आत असते. कुणाची आहे, कुठली आहे, मला सांगायचं नाही. गिटार दोन-चार दिवस दुकानात राहते, आमच्या हवेला सरावते. मग एका सकाळी मी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसते आणि नवरा दारापलीकडे बसून वाजवतो. आधी मोकळ्या तारा. मग प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या दांड्यांमधलं एकेक घर, खालून वर. मग वरच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक. मी ऐकत जाते, बोलत जाते. माझं संपलं की त्याचं सुरू. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा गोल भोकातून आत घालायचा, आतल्या पट्ट्या सुटल्यात का बघायचं, चिरा बघायच्या, मान पुढे झुकलीय का बघायचं. मग मालकाला बोलवायचं आणि दोघांनी आपापलं सांगायचं.

आमची भाषासुद्धा घरचीच आहे. तार छेडली की मागून बारीक झणझण येते, म्हणजे आतली एखादी पट्टी सैल असते. तिला आम्ही 'मावशी' म्हणतो, कारण कुणी काहीही बोललं की तिला मागून एक शेरा मारायचाच असतो. एखादा सूर उगाच बाकीच्यांपेक्षा फुगून बसतो, तो 'जावई'. आणि एखादा सूर निघतो आणि जागच्या जागी बसतो, लांबतच नाही, तो 'मुका'. मावशीला चिकटवून गप्प करता येतं, जावयाला सांभाळून घेता येतं. मुक्याला इलाज नाही, तो लाकडाच्या हाडातच असतो.

एका जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या कारखान्याच्या छोट्या अंगाच्या गिटारी असतात. त्यांच्यावर लोक जीव टाकतात. मी गेल्या काही वर्षांत त्यातल्या बऱ्याच ऐकल्या आणि माझ्या लक्षात आलं की कितीतरींचा तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट मुका निघतो. ऐकताना मला त्या कुठल्या हे माहीत नसायचं, नंतर मालकासमोर कळायचं, आणि मी मनाशी म्हणायची, बघा, पुन्हा तीच जात. एक-दोनदा चारचौघांत बोलून दाखवलं. बोलता बोलता त्याचा नियम झाला. दुकानदार ती गिटार हातात आली की आधी सातवा फ्रेट दाबून बघायला लागले. एक म्हातारे दुकानदार मला म्हणाले होते, "मला तर तो सूर चांगला लांब ऐकू येतो, पण तुम्ही म्हणताय म्हणजे माझ्याच कानात मळ असेल." मी हसले. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं होतं.

तर एकदा अशीच एक गिटार आली. सकाळी मी स्टुलावर बसले, नवऱ्याने वाजवली. मी सांगितलं, "मावशी आहे, पण बारीक. तिसऱ्या तारेला सातवा मुका. एकूण आवाज बसलाय. फळी थकली." माझं म्हणणं संपलं. दोन दिवसांनी मालक येणार होता, मी विसरूनही गेले.

मालक आला तेव्हा मी बाहेर गेले, तर खुर्चीत बाई बसलेल्या.

बाई म्हणजे माझ्या गिटारच्या बाई. मला आज जो काही कान आहे तो त्यांनी दिलेला. लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायची. त्या शिकवायच्या क्लासच्या गिटारीवर, पण क्लास संपला, मूड असला, की आतून आपली छोटी गिटार आणायच्या आणि आम्हाला नुसतं ऐकवायच्या. "हात काय, गाढवाचेही चालतात," म्हणायच्या, "कान तेवढा माणसाचा लागतो." चुकीचा सूर लागला की डोक्यात टपली. टपली बसायची म्हणून मी ऐकायला शिकले, हे मी त्यांना कितीदा तरी ऐकवलेलं आहे.

"अगंबाई, तू म्हणजे ती होय कान," बाई म्हणाल्या. "मला काय माहीत. सगळे म्हणाले तिकडे दाखवा, म्हणून आले."

त्यांना गिटार विकायची नव्हती. बोटं आता वळत नाहीत, म्हणाल्या. हाताखाली एक गुणी पोरगी शिकत होती, तिला ही देऊन टाकायची होती. पण देताना धड वस्तू द्यावी, म्हणून आधी तपासून घ्यायला आल्या होत्या.

नवऱ्याने त्याचं सांगितलं. मान जराशी झुकलीय, आत एक पट्टी सैल आहे, फळी खाली बसलीय. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. आता नियम म्हणजे नियम. मी जे परवा बोलले होते तेच बाईंना सांगितलं. फक्त 'थकली' हा शब्द जरा हळू म्हटला.

"मला तर अजून गोड लागते गं," बाई म्हणाल्या.

"बाई, रोजची सवय असते कानाला. आपल्या पोराचं नाक कुणाला नकटं दिसतं का?"

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तू आवाजावरून ओळखलीसुद्धा नाहीस तिला?"

"नाही हो."

हे मलाही खटकलं होतं. पण मी मनाची समजूत घातली. मध्ये इतकी वर्षं गेली, लाकूड म्हातारं होतं, माणसं ओळखू येत नाहीत तिथे गिटारीचं काय घेऊन बसलात. बाई थोडा वेळ गिटारीकडे बघत राहिल्या. "तू ओळखली नाहीस म्हणजे खरंच गेली ती," त्या म्हणाल्या. "अशी वस्तू पोरीला कशी देऊ. लाकूड कामाला येत असेल तर राहू दे इथेच." नवरा म्हणाला, "बाई, घेऊन जा हो, आठवण म्हणून." दोनदा म्हणाला. इतका चांगला वागला की मला त्याचं कौतुक वाटलं. बाई नाही म्हणाल्या आणि मोकळ्या हातांनी गेल्या.

काही महिन्यांनी कुणाकडून तरी कळलं की बाईंनी शिकवणं बंद केलं. मी म्हटलं, वय झालं आता.

परवा नवरा परगावी लाकूड बघायला गेला होता आणि मी एकटीच दुकानात होते. एका रेकॉर्डिंग स्टुडिओतले गृहस्थ गिटार घेऊन आले. एक खुंटी घसरतेय, म्हणाले, तार टिकत नाही. एवढंसं काम. मी खोक्यातून गिटार काढली, खुंटीचा स्क्रू आवळला, तार लावली आणि टिकते का बघायला सहज हात फिरवला.

माझा हात थांबला. मी पुन्हा वाजवलं. ही बाईंची गिटार होती. याला पुरावा लागत नाही. आईने फोनवर नुसतं "हं" म्हटलं तरी आपल्याला कळतं, तसं मला कळलं. पण डोळाही बसला होताच टपून. गोल भोकाच्या खाली बाईंच्या अंगठीने पडलेला चरा होता. त्यावर कुणीतरी सफाईने पॉलिश फिरवलेलं, पण नखाला लागत होता. मी तिसरी तार सातव्या फ्रेटला दाबली आणि छेडली. सूर निघाला आणि लांबत राहिला. समोरच्या दुकानाचं शटर खडखडत वर गेलं, ते थांबलं, तरी हा आपला चालूच.

"सुंदर आहे ना?" गृहस्थ म्हणाले.

"कुठे मिळाली?"

"म्हणजे काय, तुमच्याच मिस्टरांकडून. ते म्हणाले, या जातीच्या गिटारींचा सातवा फ्रेट मेलेला असतो, इतका स्वच्छ सातवा असलेली ही एकच निघाली. तुम्हीच पास केलीय म्हणाले."

मी म्हटलं, हो का. खुंटी अजून नीट बघायला हवी, आजचा दिवस ठेवून जा. त्यांनी ठेवली. माणूस विश्वासाने ठेवून जातो, आमच्याकडे सगळेच ठेवून जातात.

ते गेल्यावर मी मागच्या सामानाच्या खोलीत गेले. तिथे आमच्या बऱ्याच गिटारी टांगलेल्या आहेत, अर्ध्या उघडलेल्या, बिनतारांच्या. कोपऱ्यात 'ठोकळा' असतो. ठोकळा म्हणजे आमची प्रयोगाची गिटार. पॉलिशचा रंग बघायचा, डिंक किती वेळात धरतो ते बघायचं, सगळे प्रयोग त्याच्यावर. फळीवर तऱ्हेतऱ्हेचे डाग. तो वाजवायचा असतो असं कधी माझ्या मनातही आलं नव्हतं. मी दिवा लावला आणि बघितलं, तर ठोकळ्याला नव्याकोऱ्या तारा. भंगारात जायच्या गिटारीला कुणी नव्या तारा लावतं का?

मी तिथेच खाली बसून तो मांडीवर घेतला. मोकळ्या तारा. मागून बारीक मावशी बोलली. तिसरी तार, सातवा फ्रेट. सूर निघाला आणि मटकन बसला.

हा आवाज मी किती वेळा ऐकला होता. कधी तारा नव्या, कधी जुन्या, कधी जाड, कधी बारीक, म्हणून दर वेळी वरवर वेगळा वाटायचा. आणि मी भिंतीकडे तोंड करून गंभीरपणे सांगायची, मुका, सातवा, पुन्हा तीच जात. ती जात नव्हतीच. ती एकच गिटार होती, माझ्याच घरातली, दारापलीकडे गिऱ्हाइकाच्या गिटारीऐवजी वाजणारी. ज्या नियमावर माझं नाव झालं तो या एका ठोकळ्याचा नियम होता. त्या म्हाताऱ्या दुकानदारांच्या कानात मळबिळ काही नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा काखेत ठेवणारा रोज माझ्यासमोर बसून जेवत होता. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. रक्त येत नाही, आणि मान आपणच पुढे केलेली असते.

दुपारी नवरा आला. मी कामाच्या टेबलावर दोन्ही गिटारी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्याने पाहिलं, पिशवी खाली ठेवली, हात धुतले. हात धुवायला त्याने बराच वेळ लावला.

"ही इथे कशी?" तो म्हणाला.

"खुंटी घसरत होती."

"स्टुडिओवाल्याकडची दिसते. कुठून घेतली कोण जाणे."

हाताने कानावर हात ठेवले. दुसऱ्या कुठल्या दिवशी या विनोदावर मी हसले असते.

"तो म्हणाला, तुझ्याकडून."

मग तो खुर्चीत बसला. चिडला नाही, रडला नाही. एखाद्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसा बोलायला लागला. "सगळ्याच वेळी नाही. जी खरंच चांगली आहे असं दिसायचं, तेवढ्याच वेळी. मालकाला ती नको व्हायची, आपल्याकडे राहायची. कुणाच्या हातातून मी हिसकावून घेतली नाही."

"आणि मी?"

"तुझं काय? तू कुठे खोटं बोललीस? तुला खोटं बोलता येत नाही, तुझ्या तोंडावर लगेच दिसतं. म्हणून तर तुला काही सांगितलं नाही. तू जे ऐकलंस तेच सांगितलंस. तुझा शब्द आजही खराच आहे."

हे तो मनापासून म्हणाला. त्याला वाटत होतं की त्याने मला सांभाळलं. मला खोटारडी होऊ दिलं नाही, म्हणून मी त्याचे उपकार मानायला हवेत. मी खरं बोलत राहिले म्हणूनच त्याचं खोटं खपत होतं, हे त्याला दिसत होतं आणि त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

"बाईंची होती रे ती," टेबलावरून ती उचलत मी म्हटलं.

"त्या स्वतः ठेवून गेल्या. मी दोनदा म्हटलं घेऊन जा म्हणून, तू ऐकलंस."

"ऐकलं ना. मी सगळंच ऐकलं."

"मग? दुकान कशावर चालतं असं वाटत होतं तुला? कानावर?"

यावर मी बोलले असते तर हातात जे होतं ते फेकून मारलं असतं, आणि हातात बाईंची गिटार होती. मी ती खोक्यात घातली. स्टुडिओवाल्यांना फोन केला की गिटार उद्या मिळेल आणि उद्या मला तुमच्याशी बोलायचंय. नवरा म्हणाला, "काय बोलणार आहेस?" मी म्हटलं, "जे ऐकलं ते." आणि निघाले.

बाईंच्या खोलीत मुलांची स्टुलं एकावर एक रचून भिंतीला लावलेली होती. क्लासची गिटार खुंटाळ्याला लटकत होती, तिच्यावर धूळ. बाई खिडकीपाशी बसलेल्या. मी खोकं त्यांच्यासमोर उघडलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, ठोकळा, नवरा, सातवा फ्रेट, स्टुडिओ. बसून सांगायची हिंमत नव्हती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझं मन राखायला आलीस का?"

"नाही बाई. वाजवून बघा."

बोटं वळत नव्हती तरी त्यांनी तिसरी तार दाबली. सूर लांबत राहिला. तो पूर्ण विरेपर्यंत त्या थांबल्या. मला वाटलं आता त्यांना बरं वाटेल. पण त्यांचा चेहरा रागाने लाल झाला. लहानपणी टपली बसायच्या आधी व्हायचा, त्याहून जास्त.

"गिटार गेली त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "मी तुला म्हटलं होतं, मला गोड लागते. तू म्हणालीस, सवय. मी घरी आले आणि विचार केला, हिचा कान मी घडवला, ही म्हणते गोड नाही, म्हणजे माझा गेला. मग मुलं वाजवायची आणि मला वाटायचं, मला जे ऐकू येतंय ते खरं आहे का? ती पोरगी, जिला ही द्यायची होती, तिला मी एकदा म्हटलं, तार उतरलीय तुझी. ती म्हणाली, नाही बाई. उतरलेलीच होती गं. मला स्वच्छ ऐकू येत होतं. आणि मी गप्प बसले. त्यानंतर तोंड वर करून कुणाला शिकवू? दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं."

मी पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "ते नको," म्हणाल्या. "क्लासची गिटार काढून दे मला. आणि पाठ करून बस."

"कशाला बाई?"

"मला बघायचंय, तुझा कान तरी जागेवर आहे का. मी वाजवते, कुठली ती तू सांग."

मी रचलेल्या स्टुलांमधलं वरचं काढलं आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. पहिली वाजली. "क्लासची," मी म्हटलं. "हं," बाई म्हणाल्या. मग मागे लाकडाचा आवाज झाला, एक खाली ठेवली, एक उचलली. पुन्हा तार छेडली गेली. ही छोटी होती, बाईंची होती. शंकाच नव्हती. मला झोपेतसुद्धा कळली असती. आणि मी वळून बघितलं.

बाईंनी तारांवर तळवा ठेवला. मांडीवर छोटीच होती.

"कळली नव्हती का?"

"कळली होती."

"मग वळलीस कशाला?"

"तुम्ही खरंच तीच वाजवताय ना, ते बघायला," मी म्हटलं.